वेबकॅमवरून काढलेला फोटो काळाच येतोय? कॅमेरा बदलायच्या आधी ती फाइल बघा

"दादा, फोटो परत काळाच यायलाय. स्क्रीनवर तर पोरगं चांगलं दिसायलंय." जूनमध्ये अ‍ॅडमिशनची गर्दी सुरू झाली की लातूरच्या अभ्यासिकांतून, क्लासेसमधून, होस्टेलवाल्यांकडून हाच फोन येतो. आणि फोन करणाऱ्यानं तोवर कॅमेऱ्याची वायर काढून-घालून बघितलेली असते, कॉम्प्युटर रिस्टार्ट मारलेला असतो, नाहीतर सरळ गंजगोलाईच्या बाजारातून नवीन वेबकॅम आणून लावलेला असतो. नवीन कॅमेऱ्यावर थोडे दिवस बरं चालतं, लोकांना वाटतं झालं काम, आणि मग परत तेच रडगाणं.

सेटअप सगळीकडे सारखाच असतो. काउंटरवर जुना डेस्कटॉप, त्याला यूएसबी वेबकॅम, ब्राउझरमध्ये मेंबरशिपचा फॉर्म, फॉर्मात एक चौकट जिच्यात लाइव्ह व्हिडिओ दिसतो, खाली 'फोटो काढा' बटन. बटन दाबलं की त्या क्षणाची फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, कॅनव्हासवर (पेजमधल्या चित्र काढायच्या कोऱ्या चौकोनावर) उतरते, तिचं जेपेग होतं, सर्व्हरला जातं आणि आयकार्डावर छापलं जातं. कोड वीस-पंचवीस ओळींचा, बहुतेकांनी कुठूनतरी उचलून चिकटवलेला, आणि डेव्हलपरच्या लॅपटॉपवर तो मक्खन चालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी तो काळा फोटो नीट बघा. काळा आणि काळा यात फरक असतो. चार-पाच वेगवेगळ्या भानगडींतून काळा फोटो निघतो आणि प्रत्येकीची खूण फाइलमध्येच असते. आणि हो, ती फाइल मला किंवा कुणालाही मदतीसाठी पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप ती परत कॉम्प्रेस करतं, साइज बदलू शकते, आणि मग जी खूण बघायची तीच पुसली जाते. स्क्रीनचा मोबाइलवरून काढलेला फोटो तर अजिबातच नको.

आता पहिली खूण, साइज. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पिक्सेल किती आहेत ते बघा. ३०० बाय १५० असेल तर डोळे झाकून सांगतो की कोडमध्ये कॅनव्हासला साइज दिलेलीच नाही, कारण कॅनव्हासला काही सांगितलं नाही तर तो मुळात ३०० बाय १५० चाच असतो. फाइलच नाही, किंवा शून्य बाइटची फाइल आहे, किंवा सर्व्हरला फोटोच्या जागी नुसता 'नल' (म्हणजे काहीच नाही) हा शब्द पोचलाय, तर कॅनव्हासची साइज व्हिडिओवरून घेतलीय पण त्यावेळी व्हिडिओची रुंदीच शून्य होती. व्हिडिओ-विड्थ आणि व्हिडिओ-हाइट या दोन गोष्टी मेटाडेटा, म्हणजे व्हिडिओची रुंदी-उंचीसारखी माहिती, लोड होईपर्यंत शून्य असतात, शून्य बाय शून्य कॅनव्हासचा फोटो मागितला तर कॅनव्हासची फाइल बनवणारं टू-ब्लॉब नल देतं आणि त्याची अक्षरांची स्ट्रिंग बनवणारं टू-डेटा-यूआरएल देतं 'डेटा', कोलन, स्वल्पविराम, बस्स, पुढं काहीच नाही. ती स्ट्रिंग जर डेटाबेसमध्ये दिसली तर कॅमेऱ्याच्या नावानं बोटं मोडू नका.

सगळ्यात जास्त येणारा प्रकार मात्र तिसरा आहे. साइज बरोबर, ६४० बाय ४८० किंवा जी काय ठरवली असेल ती, फाइल पण उघडते, आणि आत एकसारखा गडद काळा रंग, एक ठिपकासुद्धा वेगळा नाही. अशा सगळ्या काळ्या फाइलींचे केबी बघा, एकसारखे निघतील आणि अगदी थोडे. खरा फोटो सहसा दुसऱ्या फोटोएवढ्याच बाइटचा नसतो, त्यामुळं सलग पाच-सहा फाइलींचा आकार तंतोतंत सारखा असला म्हणजे कॅनव्हासवर चित्र आलंच नाही हे समजून चला.

मग चित्र आलं नाही तर काळं कुठून आलं? इथंच लोक फसतात. कॅनव्हास सुरुवातीला काळा नसतो, पांढरा पण नसतो, पारदर्शक असतो. फ्रेम कॅनव्हासवर उतरवणाऱ्या ड्रॉ-इमेजला व्हिडिओ दिला आणि त्या व्हिडिओची चालू फ्रेम अजून आलेली नसेल, म्हणजे व्हिडिओ किती तयार आहे ते सांगणारा रेडी-स्टेट हा आकडा ० किंवा १ असेल, तर ड्रॉ-इमेज काहीही न काढता गुपचूप परत येतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, ब्राउझरचा एरर दाखवणारा कन्सोल एकदम स्वच्छ. आणि जेपेगमध्ये पारदर्शकपणा ठेवायची सोयच नाही, त्यामुळं जेपेग करताना ब्राउझर त्या पारदर्शक जागेखाली काळा रंग धरतो. म्हणजे जो काळा फोटो तुम्ही बघताय तो कॅमेऱ्यानं काढलेला काळा फोटो नाहीच, तो कोऱ्या कॅनव्हासचा फोटो आहे.

हे खात्रीनं बघायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. तो कॅनव्हास बहुतेकांनी लपवून ठेवलेला असतो, तो तात्पुरता पेजवर दाखवा आणि सीएसएसमध्ये (पेजचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) त्याला भडक गुलाबी बॅकग्राउंड द्या. मग बटन दाबा. गुलाबी दिसला म्हणजे कॅनव्हास कोरा, फ्रेम आलीच नव्हती, दोष टायमिंगचा. गुलाबी झाकला जाऊन खरंच काळा चौकोन दिसला म्हणजे कॅमेऱ्याकडूनच काळी फ्रेम येतेय, मग तो प्रकार वेगळा, त्याच्याकडं खाली येतो. हे बॅकग्राउंड फक्त पेजवर दिसतं, फाइलमध्ये जात नाही, त्यामुळं टेस्ट करताना चुकून राहिलं तरी कुणाचा फोटो गुलाबी येणार नाही.

"पण स्क्रीनवर तर दिसायलंय ना" याचं उत्तर दोन तऱ्हेचं आहे. एक म्हणजे ब्राउझरकडं कॅमेरा मागणारं गेट-यूजर-मीडिया यशस्वी झालं याचा अर्थ परवानगी मिळाली आणि स्ट्रीम (कॅमेऱ्याकडून येणारा प्रवाह) हातात आली एवढाच, पहिली फ्रेम व्हिडिओत पोचली असा नाही. नव्या लॅपटॉपचा आतला कॅमेरा पटकन उठतो, जुन्या डेस्कटॉपचा यूएसबी कॅमेरा आळस देत देत उठतो, आणि काउंटरवरची ताई समोर रांग बघून फॉर्म उघडल्या उघडल्या बटन दाबते. फोटो निघून गेल्यावर अर्ध्या सेकंदानं व्हिडिओ दिसायला लागतो आणि सगळ्यांच्या लक्षात राहतं ते हेच, की दिसत होतं. 'पहिला फोटो काळा येतो, परत काढला की नीट येतो' अशी तक्रार असेल तर बहुतेक हीच गोष्ट. दुसरं म्हणजे काही कोडमध्ये दिसणारा व्हिडिओ वेगळा आणि फोटो काढायला वापरलेला व्हिडिओ वेगळा असतो. बटन दाबल्यावर जावास्क्रिप्टमध्ये नवीन व्हिडिओ एलिमेंट तयार करायचा, त्याला तीच स्ट्रीम लावायची आणि लगेच पुढच्या ओळीत ड्रॉ-इमेज मारायचं. त्या नवीन एलिमेंटला फ्रेम कुठून येणार इतक्यात? जो व्हिडिओ माणसाला दिसतोय त्याच्यावरूनच फोटो काढा, उगाच दुसरा कशाला.

उपाय म्हणून लोक सेट-टाइमआउट टाकतात, एक सेकंद थांबा आणि मग फोटो काढा. हे मला अजिबात पटत नाही. एक सेकंद एका मशीनला जास्त होतो, दुसऱ्याला पुरत नाही, आणि मग कुणीतरी तो तीन सेकंद करतो, आणि तीन सेकंदांचा पण एक दिवस नेम चुकतो. म्हणून तर ही तक्रार गेली असं वाटतं आणि परत येते.

नीट पद्धत अशी. 'फोटो काढा' बटन सुरुवातीला बंदच ठेवायचं. स्ट्रीम आली की व्हिडिओच्या एसआरसी-ऑब्जेक्टला लावायची, प्ले कॉल करायचा आणि त्याचं प्रॉमिस, म्हणजे 'सुरू झालं' असा निरोप, पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मग रिक्वेस्ट-व्हिडिओ-फ्रेम-कॉलबॅक लावायचा, आणि त्या कॉलबॅकमध्ये आल्यावरच बटन चालू करायचं. हा कॉलबॅक फ्रेम खरोखर तयार झाल्यावरच येतो, अंदाजपंचे काही नाही. क्रोममध्ये ८३ पासून आहे, सफारीत १५.४ पासून, फायरफॉक्समध्ये उशिरा म्हणजे १३२ पासून आला. त्याच्याहून जुना ब्राउझर असेल तर लोडेड-डेटा इव्हेंटची वाट बघा. इथं एक गंमत होते, लोक लोडेड-मेटाडेटा आणि लोडेड-डेटा यात गल्लत करतात. मेटाडेटावाल्या इव्हेंटला फक्त रुंदी-उंची कळलेली असते, चित्र आलेलं असेलच असं नाही. साइज बरोबर पण आत काळं, हा प्रकार हमखास तिथूनच निघतो. आणि बटनाच्या फंक्शनमध्ये शेवटचा पहारेकरी म्हणून रेडी-स्टेट २ पेक्षा कमी असेल किंवा व्हिडिओ-विड्थ शून्य असेल तर 'कॅमेरा तयार होतोय, थांबा' असा मेसेज देऊन परत फिरा.

व्हिडिओला सोर्स लावायच्या ओळीत क्रिएट-ऑब्जेक्ट-यूआरएल दिसलं तर तो कोड फारच जुना आहे, स्ट्रीमसाठी ती पद्धत ब्राउझरांनी केव्हाच काढून टाकलीय. एसआरसी-ऑब्जेक्ट वापरा.

आता याच दुखण्याचं एक जास्त घाण रूप. काळा फोटो निदान दिसतो तरी, पण एका अभ्यासिकेत दोन मेंबरच्या आयकार्डावर एकाच पोराचा फोटो छापून आला, आणि ज्याचा नव्हता तो पोरगा कार्ड घेऊन भांडायला आला. कारण तेच. पहिल्या पोराचा फोटो काढला, पेज रिफ्रेश न करता दुसऱ्याचा फॉर्म उघडला, कॅमेरा परत सुरू होत होता तेवढ्यात बटन दाबलं गेलं, ड्रॉ-इमेज गुपचूप परत आलं, आणि कॅनव्हासवर पहिल्याचं चित्र तसंच बसलेलं होतं, ते दुसऱ्याच्या नावावर सेव्ह झालं. म्हणून प्रत्येक फोटोच्या आधी कॅनव्हासची रुंदी-उंची परत सेट करा, तीच असली तरी. रुंदीला नुसती किंमत परत दिली की कॅनव्हास आपोआप पूर्ण पुसला जातो. चुकलंच तर काळा फोटो येईल पण दुसऱ्याचा येणार नाही. काळा चालतो, दुसऱ्याचा चालत नाही.

गुलाबी टेस्टमध्ये खरा काळा आला तर? मग आधी कॅमेऱ्याचं तोंड बघा. हसू नका, आजकाल बऱ्याच वेबकॅमला आणि लॅपटॉपला सरकवायची झडप असते, ती कुणीतरी बंद केलेली असते, कॅमेऱ्याचा दिवा मात्र चालू. मग दुसरी गोष्ट, चुकीचा कॅमेरा. ऑनलाइन लेक्चरच्या काळात अनेक क्लासवाल्यांनी ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्याबरोबर व्हर्च्युअल कॅमेरा (सॉफ्टवेअरनं बनवलेला खोटा कॅमेरा) आला, आणि ब्राउझरनं डिफॉल्ट म्हणून तोच धरला. एन्युमरेट-डिव्हायसेस करून कॅमेऱ्यांची यादी ड्रॉपडाउनमध्ये द्या आणि निवडलेल्याची आयडी लक्षात ठेवा. यादीत नावं कोरी दिसली तर घाबरू नका, परवानगी मिळेपर्यंत ब्राउझर नावं लपवतो, गेट-यूजर-मीडिया झाल्यावर यादी परत मागा. काही अँटिव्हायरसमध्ये वेबकॅम प्रोटेक्शन नावाचा प्रकार असतो, तो पण एकदा तपासा. कोडमध्ये बघायचं असेल तर व्हिडिओ ट्रॅकचं म्यूटेड बघा, ते ट्रू असेल तर स्ट्रीम चालू आहे पण कॅमेऱ्याकडून चित्र येत नाहीये.

काळा नाही पण अंधारा फोटो, चेहरा ओळखू येतो पण कोळशात बसल्यासारखा, तर तो वेगळाच मामला आहे. त्यातही दोन जाती. एक, सुरू झाल्याबरोबरच्या पहिल्या काही फ्रेम अंधाऱ्या असतात कारण कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर अजून बसलेलं नसतं. इथं मात्र थोडं थांबण्याला अर्थ आहे, पण घड्याळ लावून नाही, फ्रेम मोजून. वर सांगितलेला कॉलबॅक वीस-तीस वेळा येऊ द्या, मग बटन उघडा. दुसरी जात आपल्या गाळ्यांची. काउंटर आतल्या बाजूला, पोरगं उभं दाराकडं पाठ करून, मागं शटर उघडं आणि रस्त्यावर लखलखीत ऊन. कॅमेरा सगळ्या फ्रेमचा उजेड बघून एक्स्पोजर ठरवतो, मागचा उजेड इतका की चेहरा काळा ठिक्कर पडतो. याला कोडमध्ये औषध नाही. खुर्ची फिरवा, तोंड दाराकडं करा, झालं. कुणी ब्राइटनेसचा फिल्टर मारून बघतो, त्यानं चेहरा राखेसारखा दिसतो.

उजेडाचाच विषय आहे तर हेही सांगतो, फोटोवर आडवे गडद पट्टे येत असतील तर ट्यूबलाइटचं काम आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि कॅमेऱ्याची सेटिंग ६० हर्ट्झवर असेल तर ते जुळत नाही. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हर सेटिंगमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० करा.

चौकटीत व्हिडिओच येत नाही, परवानगी पण विचारत नाही, आणि कन्सोलमध्ये 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' असा लाल मजकूर. ही तक्रार नेहमी दुसरा काउंटर सुरू केल्यावर येते. पहिल्या मशीनवर झॅम्प (मशीनलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असतं, तिथं लोकलहोस्टनं, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यानं, पेज उघडतं, सगळं सुरळीत. मग शेजारच्या मशीनवरून १९२.१६८ वाला पत्ता टाकून तेच पेज उघडतात आणि कॅमेरा गायब. ब्राउझर कॅमेरा फक्त सुरक्षित पत्त्यावर देतो, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट. साध्या एचटीटीपीवर मीडिया-डिव्हायसेस हा ऑब्जेक्टच नसतो, मग त्याच्यावर काहीही कॉल केलं की अनडिफाइन्ड. क्रोमनं साध्या एचटीटीपीवरचं गेट-यूजर-मीडिया २०१५ सालीच बंद केलंय, त्यामुळं 'मागच्या महिन्यात चालत होतं' असं कुणी म्हणालं तर मागच्या महिन्यात तो लोकलहोस्टवर होता, एवढाच अर्थ. उपाय म्हणजे आतल्या नेटवर्कला पण एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट बसवा, एमकेसर्ट नावाच्या टूलनं ते अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त त्याचं रूट सर्टिफिकेट दुसऱ्या मशीनवर पण टाकावं लागतं. क्रोमच्या फ्लॅग्समध्ये एखाद्या असुरक्षित पत्त्याला सुरक्षित धरायची सोय आहे, टेस्टिंगला ठीक, पण काउंटरवर कायमचं ते ठेवू नये असं माझं मत. तुमचा फॉर्म दुसऱ्या साइटच्या आयफ्रेममध्ये (पेजच्या आतल्या पेजमध्ये) असेल तर त्या आयफ्रेमच्या 'allow' मध्ये कॅमेरा लिहावं लागतं, नाहीतर एचटीटीपीएस असून पण नकारच.

एररची नावं वाचायची सवय लावा, बऱ्याच कोडमध्ये कॅच ब्लॉकमध्ये नुसतं 'कॅमेरा एरर' असा अलर्ट असतो आणि मग फोनवर मी काय सांगणार कपाळ. नॉट-अलाउड म्हणजे परवानगी नाकारलीय, ब्राउझरनं किंवा विंडोजनं. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या पानावर खाली डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटन असतं, ते बंद असेल तर क्रोममध्ये कितीही परवानगी द्या, उपयोग नाही. क्रोम परवानगी विचारताना 'फक्त या वेळी' असाही पर्याय देतो, काउंटरवाले हमखास तोच दाबतात आणि मग रोज सकाळी 'परत विचारायलंय' म्हणून फोन. 'साइटला भेट देताना परवानगी द्या' असा जो पर्याय असतो, तो दाबायचा. नॉट-फाउंड म्हणजे कॅमेरा दिसतच नाही, वायर बघा. नॉट-रीडेबल म्हणजे कॅमेरा आहे, परवानगी आहे, पण उघडता येत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या सॉफ्टवेअरनं धरून ठेवलाय, मागं झूमची मीटिंग चालू राहिलेली असते किंवा विंडोजचं कॅमेरा अ‍ॅप उघडं असतं. ओव्हर-कन्स्ट्रेन्ड म्हणजे तुम्ही कोडमध्ये 'एक्झॅक्ट' लिहून असं रिझोल्यूशन मागितलंय जे कॅमेऱ्याकडं नाही. तिथं आयडियल लिहा, मग ब्राउझर जमेल तेवढं जवळचं देतो.

रिझोल्यूशनचा विषय इथंच संपवतो. काहीच मागितलं नाही तर क्रोम सहसा ६४० बाय ४८० देतो. पासपोर्ट साइज आपल्याकडं ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) छापायचा तर ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. ४८० उंचीतून ५३१ उंचीचा फोटो कुठून येणार, तो ताणला जातो आणि छापल्यावर मऊ दिसतो, मग 'प्रिंटर खराब आहे' असं म्हणतात. आयडियलमध्ये १२८० बाय ७२० मागा. त्यातून मधला ५६० बाय ७२० चा उभा तुकडा कापा, म्हणजे डावीकडून ३६० पिक्सेल सोडून, आणि तो ४१३ बाय ५३१ मध्ये उतरवा, प्रमाण तंतोतंत बसतं. ड्रॉ-इमेजला व्हिडिओसोबत आठ आकडे देता येतात ते यासाठीच. फक्त हे ३६० आणि ५६० कोडमध्ये ठोकून ठेवू नका, खरी मिळालेली रुंदी-उंची बघून काढा, कारण आयडियल म्हणजे विनंती आहे, हुकूम नाही. पूर्ण रुंदीचा व्हिडिओ नुसता ४१३ बाय ५३१ मध्ये कोंबला की चेहरे काकडीसारखे लांब होतात, ते बहुतेकांनी बघितलं असेलच.

मोठं रिझोल्यूशन मागितल्यावर स्वस्त यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डब्यावर) लावलेला कॅमेरा अडखळत असेल तर कॅमेरा थेट मागच्या पोर्टला लावा. आणि हबचाच दुसरा त्रास म्हणजे लाइट. काउंटरवर डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप असेल तर तो बॅटरीवर चालू राहतो पण अ‍ॅडॉप्टरवर चालणारा हब लाइट गेल्याबरोबर मरतो, त्याच्यासोबत कॅमेरा. लाइट येते, कॅमेऱ्याचा दिवा लागतो, पण पेजमधली जुनी स्ट्रीम मेलेली ती मेलेलीच, तिचा ट्रॅक 'एंडेड' झालेला असतो आणि तो परत जिवंत होत नाही. उन्हाळ्यात दिवसातून कितीदा हे होत असेल ते आपल्याला माहितीच आहे. ट्रॅकच्या एंडेड इव्हेंटवर बटन बंद करा, 'कॅमेरा निघाला, परत सुरू करा' असं दाखवा, आणि डिव्हाइस-चेंज इव्हेंट आला की गेट-यूजर-मीडिया नव्यानं मागा. एवढं केलं की लाइट गेल्यावरचे फोन बरेच कमी होतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात. आयफोनवर व्हिडिओला प्लेज-इनलाइन आणि म्यूटेड दोन्ही लावा, नाहीतर व्हिडिओ फुलस्क्रीन उघडतो किंवा सुरूच होत नाही. मागचा कॅमेरा पाहिजे तर फेसिंग-मोडमध्ये एन्व्हायर्नमेंट. दुसऱ्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये लिंक उघडली असेल आणि कॅमेरा मिळत नसेल तर तीच लिंक क्रोम किंवा सफारीत उघडायला सांगा. खरं सांगू का, पोरांनी घरून स्वतःच्या मोबाइलवरून फोटो द्यायचा असेल तर हा व्हिडिओ-कॅनव्हासचा खटाटोप करूच नका. साधा फाइल इनपुट, अ‍ॅक्सेप्टमध्ये इमेज आणि सोबत कॅप्चर, एवढं लिहिलं की फोनचं स्वतःचं कॅमेरा अ‍ॅप उघडतं, फोकस नीट, रिझोल्यूशन भरपूर, परवानगीची भानगड नाही.

फोटो उलटा येतो अशी पण तक्रार असते. प्रिव्ह्यू आरशासारखा दाखवायला सीएसएसनं फिरवलेला असतो, ते फिरवणं कॅनव्हासवर जात नाही, त्यामुळं फोटो सरळ येतो आणि माणसाला तो उलटा वाटतो. टी-शर्टवरची अक्षरं वाचता येतात का बघा, येत असतील तर फोटो बरोबर आहे, काही करू नका.

फोटो ब्राउझरमध्ये नीट दिसतो पण सर्व्हरवर उघडत नाही तर कॅमेरा विसरा. बेस६४ स्ट्रिंग (फोटोचं अक्षरांत केलेलं रूप) साध्या फॉर्मसारखी पाठवली आणि एन्कोड केली नाही तर त्यातली अधिकची (+) चिन्हं स्पेस होऊन पोचतात आणि फाइल बिघडते. किंवा पुढचा 'डेटा-इमेज-जेपेग' वाला तुकडा न कापताच डीकोड केलेला असतो. त्यापेक्षा टू-ब्लॉब वापरा, क्वालिटी ०.८५ ठेवा आणि फॉर्मडेटामध्ये फाइल म्हणून पाठवा, बेस६४ मुळं फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते ते पण वाचतं. पीएचपीत एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते आणि एनजिन्क्स या वेब सर्व्हरमध्ये पूर्ण रिक्वेस्टची १ एमबी, ४१३ नंबरची एरर आली तर एनजिन्क्समध्ये बघा.

राहिला कॅमेऱ्याचा दिवा. फोटो काढून झाला, फॉर्म सेव्ह झाला, तरी दिवा चालूच, आणि मुलींच्या अभ्यासिकेत यावरून रास्त तक्रारी येतात. व्हिडिओ पॉज करून किंवा चौकट लपवून कॅमेरा बंद होत नाही. स्ट्रीमचे सगळे ट्रॅक घेऊन प्रत्येकाला स्टॉप करायचं, एसआरसी-ऑब्जेक्टला नल द्यायचं, आणि त्याच फंक्शनमध्ये 'फोटो काढा' बटन परत बंद करून कॅनव्हास पुसायचा. हे शेवटचं लोक गाळतात. स्टॉप केलं पण बटन उघडंच राहिलं तर पुढचा मेंबर आल्यावर कॅमेरा नव्यानं उठायच्या आत बटन दाबलं जाणार, आणि परत एक काळी फाइल.